रामनदीवर स्वयंसेवी पाणी-तपासणी: आमचे आकडे जाणकारांनी का मानावेत, आणि कशाने मानतील?

नदीकाठी_बावधन (प्रश्न)

खाटपेवाडीपासून भूगाव, बावधन, पाषाण करत औंधजवळ मुळेला मिळेपर्यंत रामनदीवर सहा ठिकाणी नियमित पाणी तपासायचा बेत आहे. सोसायट्यांमधले लोक आणि कॉलेजचे विद्यार्थी असा मिश्र गट आहे. सध्या हाताशी टीडीएस पेन (विरघळलेले क्षार दाखवणारे), पीएचच्या पट्ट्या आणि पिण्याचे पाणी तपासायचे फील्ड टेस्टिंग किट आहे (जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या महिलांना देतात त्या प्रकारचे).

गटातले बहुतेक जण म्हणतात, फेस कधी येतो, वास कधी सुटतो, कुठल्या नाल्याला कधी रंगीत पाणी येते हे रोज आम्हीच बघतो, मग आमच्या आकड्यांना किंमत का नाही? ज्यांना दाखवले ते जाणकार म्हणतात, उपक्रम चांगला आहे, जनजागृती होते, चालू ठेवा. म्हणजे पाठ थोपटायची आणि आकडे बाजूला ठेवायचे.

तज्ज्ञांना नेमका अविश्वास कशाचा आहे? किटचा, माणसांचा की पद्धतीचा? सहा ठिकाणी काय मोजावे, काय सोडावे? आणि हे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रारीत चालतात का?

---

ब्युरेट

अविश्वास किटचा कमी, नोंदीचा जास्त. हजारभर आकड्यांची एक्सेल फाइल येते आणि तीत मीटर कोणता, कॅलिब्रेट कधी केला (ठाऊक द्रावणाशी जुळवून), नमुना काठावरचा की धारेतला, वेळ काय, आदल्या दिवशी पाऊस होता का, यातले काहीच नसते. असे आकडे चूक असतात असे नाही. बरोबर आहेत की चूक हे ठरवायला वाव नसतो, म्हणून कोणी हात लावत नाही. प्रयोगशाळेतून आलेला आकडासुद्धा या माहितीशिवाय तितकाच निरुपयोगी आहे, फक्त त्यावर शिक्का असतो म्हणून कोणी विचारत नाही.

आता तुमच्या किटबद्दल. ते पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेले आहे. कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, शिल्लक क्लोरिन या चाचण्या विहिरीला आणि नळाला ठीक. मैलापाणी मिसळणाऱ्या शहरी नदीत शिल्लक क्लोरिन बघून काय मिळणार? रामनदीला पाच गोष्टी पुरेत: तापमान, विद्युतवाहकता (ईसी), विरघळलेला ऑक्सिजन (डीओ), अमोनिया आणि फॉस्फेट. पीएच सोबत घ्या, पण त्यावर फार विसंबू नका. मैलापाण्याने पीएच फारसा हलत नाही. तो एकदम ५ किंवा १० झाला तर कारखान्याचे किंवा वॉशिंग सेंटरचे पाणी शोधायला लागा.

नायट्रेटचा सापळा. नवख्या गटांच्या अहवालात हे हमखास दिसते: "नायट्रेट वरच्या टप्प्यात ८, शहरात १, म्हणजे शहरात नदी सुधारते." उलटे आहे. ताज्या मैलापाण्यात नायट्रोजन अमोनियाच्या रूपात असतो. ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात त्याचे नायट्रेट बनत नाही, आणि आधी असलेले नायट्रेटही जिवाणू वापरून टाकतात. म्हणून नायट्रेट मोजायचेच असेल तर अमोनियासोबत मोजा, एकटे कधीच नको. शिवाय एकक बघा. पिण्याच्या पाण्याच्या किटवर नायट्रेट म्हणून आकडा असतो (मर्यादा ४५ मिग्रॅ/लिटर), नदीसाठी बनवलेली बरीच परदेशी किट्स नायट्रेटमधला नायट्रोजन दाखवतात. दोन्हींत ४.४३ पटीचा फरक आहे.

टीडीएस पेन. ते टीडीएस मोजतच नाही. विद्युतवाहकता मोजते आणि आतल्या आत एका गुणकाने गुणते. कोणाच्या पेनात गुणक ०.५, कोणाच्या ०.७. एकाच बादलीतल्या १००० मायक्रोसीमेन्सच्या पाण्याला एक पेन ५०० सांगेल, दुसरे ७००, आणि गटात भांडण लागेल. पेनवर ईसीचा मोड असेल तर तोच नोंदवा. नसेल तर पेन बदला. कॅलिब्रेशनला १४१३ मायक्रोसीमेन्सचे द्रावण बाजारात मिळते (०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, २५ अंशांना). रोज निघण्याआधी तपासा. ५ टक्क्यांहून जास्त चुकत असेल तर कॅलिब्रेट करून मगच निघा. तापमान-भरपाई नसलेल्या मीटरला दर अंशाला साधारण २ टक्के फरक पडतो, म्हणजे जानेवारीच्या सकाळी आणि मेच्या दुपारी नदी न बदलताही आकडा बदलेल.

डीओ. सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त चुकणारा. पडद्याचे प्रोब स्थिर पाण्यात धरले की पडद्याजवळचा ऑक्सिजन प्रोब स्वतःच खातो आणि आकडा खाली घसरत राहतो. हलवत राहावे लागते. ऑप्टिकल प्रोबला ही अडचण नाही, पण तो महाग. कॅलिब्रेट करताना उंची विसरू नका. समुद्रसपाटीला २५ अंशांना संपृक्त डीओ ८.२६ मिग्रॅ/लिटर, पुणे सुमारे ५६० मीटरवर, तिथे तो ७.७ च्या आसपास येतो.

मीटर नसेल तर विंकलर पद्धत (रसायनांनी ऑक्सिजन मोजायची). ३०० मिलिची डीओ बाटली बुडबुडा न राहता भरा, मॅंगेनस सल्फेट १ मिलि आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड १ मिलि पिपेटचे टोक पाण्याखाली धरून सोडा, बूच लावा, उलटीसुलटी करा. गाळ तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर जवळपास नाही. हे तिथेच काठावर सगळ्यांना दिसते, आकड्याची वाट बघावी लागत नाही. गाळ बसल्यावर १ मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल, मग २०१ मिलि नमुना घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन (रंग जाईपर्यंत थेंबथेंब घालणे). जितके मिलि लागेल तितके मिग्रॅ/लिटर. स्टार्च फिकट पिवळा रंग आल्यावरच टाका, आधी टाकला तर शेवट लांबतो. अझाइड विषारी आहे. आम्ल घालणे विद्यार्थ्यांकडे देऊ नका, आणि उरलेले द्रावण परत नदीत ओतू नका (हे सांगावे लागते!).

खात्रीसाठी किमान. प्रत्येक फेरीत एक कोरा नमुना: डिस्टिल्ड पाणी घेऊन तीच चाचणी. अमोनिया दिसला तर किट किंवा भांडे खराब. दर दहा नमुन्यांमागे एक जोड-नमुना, दोन वेगळ्या बाटल्यांत. दोन आकड्यांतला फरक भागिले त्यांची सरासरी गुणिले १००. २० टक्क्यांच्या आत हवा. आणि महिन्यातून एकदा ठाऊक तीव्रतेचे द्रावण गटाला न सांगता द्या. तुमची लोकं तपासायची नाहीत, पद्धत तपासायची आहे, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चिडचिड होते.

---

काठावरून

ब्युरेट यांच्या म्हणण्यातले बहुतेक मान्य. पण जाणकारांची नजर बाटलीवर असते, घड्याळावर नसते. अशा गटांचा खरा फायदा अचूकतेत नाही, वारंवारतेत आहे. राष्ट्रीय जलगुणवत्ता तपासणी कार्यक्रमाखालची सरकारी केंद्रे साधारण महिन्यातून एकदा तपासली जातात. सांडपाण्याचा टँकर रात्री रिकामा होतो. महिन्यातल्या एका सकाळी कितीही महाग यंत्राने मोजले तरी तो सापडणार नाही. म्हणून सहा ठिकाणी महिन्याला एकदा पाच चाचण्या करण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी आठवड्यातून दोनदा फक्त ईसी, तापमान आणि फोटो जास्त कामाचे. बाकीच्या चाचण्या महिन्यातून एकदा.

आता आपल्याकडची गोम: रविवार. स्वयंसेवक रविवारी सकाळी मोकळे असतात, म्हणून सगळे आकडे रविवार सकाळचे. त्या दिवशी वर्कशॉप आणि सर्व्हिस सेंटर बंद, घराघरांत धुणी जास्त, आंघोळी उशिरा. वर्षभर नोंदवून तुमच्याकडे रविवारची नदी जमा होते. तज्ज्ञाने हे एका नजरेत ओळखले तर त्याचा दोष नाही. निदान एक बुधवार किंवा गुरुवार ठरवा.

वेळही ठरवून घ्या. शेवाळ असलेल्या संथ पाण्यात (पाषाण तलावाच्या खाली बघा) दुपारी डीओ संपृक्ततेच्या वर जातो आणि पहाटे तळाला. दुपारी तीनला ९ मिग्रॅ/लिटर बघून "नदी जिवंत आहे" अशी पोस्ट टाकणारे गट आहेत. डीओ सूर्योदयाच्या आसपास मोजा, मासे तेव्हा मरतात.

नमुना घेण्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून:

– प्रवाहात उतरत असाल तर तोंड वरच्या बाजूला, बाटली तुमच्या पुढे. पायाने ढवळलेला गाळ बाटलीत येता कामा नये.
– पृष्ठभागाखाली वीतभर. वरचा फेस नको, तळ नको.
– त्याच पाण्याने बाटली तीनदा खंगाळा. जिवाणू-चाचणीची निर्जंतुक बाटली मात्र अजिबात खंगाळू नका.
– पुलावरून बादली सोडत असाल तर पहिली बादली फेकून द्या.
– नाला मिळतो तिथेच खाली नमुना घेऊ नका. डावा काठ, मध्य, उजवा काठ अशा तीन जागी ईसी घ्या. तिन्हींत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पाणी अजून मिसळलेले नाही, आणखी खाली सरका. मिसळल्याची जागा एकदा सापडली की ती कायम करा आणि खडकावर किंवा कठड्यावर खूण करा.

पावसाळ्यात पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचे नाही. लेप्टोस्पायरोसिस ही काल्पनिक भीती नाही.

---

ब्युरेट

वारंवारतेचा मुद्दा मान्य, पण नुसत्या ईसीवर गट चालवू नका. पाऊस पडला की ईसी खाली येतो, तेव्हाच नाल्यांतून सगळी घाण वाहून येत असते. पहिल्या जोरदार पावसात ईसी "सुधारतो" आणि नदी सर्वांत वाईट असते. अमोनिया आठवड्यातून एकदा तरी हवा.

---

खेकडा

रसायने सगळ्यांनी सांगितली, मी किडे सांगतो. दगडाखालचे जीव त्या जागेवर आठवडे-महिने राहतात, त्यामुळे रात्री आलेला टँकर त्यांना चुकत नाही. या बाबतीत स्वयंसेवक आणि सरकारी यंत्रणा यांचे सर्वांत जुळलेले उदाहरण इंग्लंडमधले आहे: तिथे मासे धरणारे हौशी लोक तीन मिनिटे पायाने तळ ढवळून जाळीत जीव धरतात, एक मिनिट दगड हाताने शोधतात, आणि फक्त आठ गट मोजतात. प्रत्येक ठिकाणासाठी पर्यावरण यंत्रणेबरोबर एक किमान गुणसंख्या आधीच ठरलेली असते. गुण त्याखाली गेले की पुन्हा मोजायचे, तरीही खाली असतील तर यंत्रणेला कळवायचे. हे का चालते? कारण स्वयंसेवकांनी नदीचे "प्रमाणपत्र" द्यावे अशी अपेक्षाच नाही, घंटा वाजवावी एवढीच आहे. घंटा वाजल्यावर काय करायचे हे दोघांनी आधी ठरवले आहे. दक्षिण आफ्रिकेत तेरा गटांची अशीच सोपी पद्धत शाळांमध्ये वापरतात.

त्यांचे गुणतक्ते जसेच्या तसे उचलू नका. आपले ओढे उन्हाळ्यात आटतात, बेसॉल्टच्या तळावरचे जीव वेगळे, आणि मोठ्या पुरानंतर तळ धुऊन निघाल्यावर गुण घसरतात, त्यात प्रदूषणाचा संबंध नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्वतःची जैविक पद्धत आहे (कुळापर्यंत ओळख, ० ते १० सॅप्रोबिक गुण, म्हणजे जीव प्रदूषण किती सोसतात यावरचे); ती आधार धरा.

रामनदीसाठी: खाटपेवाडीच्या बाजूला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाहत्या खडकाळ जागी मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या स्वच्छ पाण्यातल्या कीटकांच्या अळ्या शोधा. खाली जाताना त्या कुठे दिसेनाशा होतात आणि घाण पाण्यात तगणारे लाल रक्तकृमी व ट्युबिफेक्स कृमींचे गुंतवळे कुठे सुरू होतात, ती जागा नकाशावर टाका. जाळी अर्धा ते एक मिलिमीटरची, पांढरा ट्रे, भिंग. जीव मोजून परत सोडा. तलावाच्या संथ पाण्यात ही पद्धत लावू नका, तिथे हे कीटक नसणे स्वाभाविक आहे.

---

कलम_एकवीस

तक्रारीचा प्रश्न राहिला. दोन गोष्टींची गल्लत होते.

पुरावा म्हणून: नाही चालत. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ च्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा, ज्याच्याकडून घेतला त्याला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करायचे. तुमचा आकडा कितीही अचूक असला तरी या चौकटीत बसत नाही. मंडळाच्या स्वतःच्या अधिकाऱ्याने ही पद्धत पाळली नाही तर त्याचाही नमुना कोर्टात टिकत नाही, तेव्हा हे मनाला लावून घेऊ नका.

तक्रार म्हणून: चालते, आणि नीट केली तर बरेच काही घडते. मंडळाला "नदी घाण आहे" हे ठाऊक असते. त्यांना कधी आणि कुठे जायचे ते हवे असते. "अमुक पुलाच्या वरच्या नाल्यात मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री १० ते १२ मध्ये ईसी ७०० वरून १८०० वर जातो, सोबत तारखांसह फोटो" असे पत्र मिळाले तर अधिकारी त्या वेळी नमुना घ्यायला जाऊ शकतो. मग तो नमुना कायद्याचा. पोच घ्या, पुढे लागते. त्याच कायद्याच्या कलम ४९ मध्ये मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकाने स्वतः दाद मागायची वाटही आहे. तिथवर जाण्याआधी वकिलाला विचारा.

अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या खोऱ्यात स्वयंसेवी आकड्यांच्या तीन पायऱ्या केल्या आहेत: पहिली शिक्षण व जागृतीची, दुसरी नियोजनाला व जागा हेरायला, तिसरी शासकीय पद्धतीच्या तोडीची. गट कुठल्या पायरीचा हे आधीच लिहिलेले असते, त्यामुळे "आमचे का मानत नाही" हा वादच कमी होतो. आपल्याकडे अशी अधिकृत रचना नसली तरी तुमच्या फॉर्मवर तुम्ही ती स्वतः लिहू शकता. मला तुमचा गट दुसऱ्या पायरीवर असावा असे वाटते. तिसरीच्या मागे लागून पैसा घालवू नका.

---

नदीकाठी_बावधन

सगळ्यांचे आभार. पेन बदलतो, रविवारसोबत गुरुवार धरतो. दोन उपप्रश्न. रंग जुळवण्यात आमच्यात फार मतभेद होतात, एक जण ५ म्हणतो, दुसरा १०. आणि ई. कोलायचे (विष्ठेतून येणारा जिवाणू) काय? लोकांना तोच आकडा कळतो.

---

ब्युरेट

रंगाचे: सावलीत, पाठीमागे पांढरा कागद, गॉगल काढून. दोघांनी वेगवेगळे वाचून कागदावर लिहायचे आणि मग दाखवायचे. मोठ्याने बोलला की दुसऱ्याचा आकडा बदलतो. ठरलेली मिनिटे पाळा. रंग वेळेबरोबर चढत जातो, पाच मिनिटांच्या चाचणीत बाराव्या मिनिटाला वाचले तर आकडा फुगतो. पुरुषांत साधारण बारामागे एकाला लाल-हिरव्या रंगांत फरक कळायला त्रास होतो, त्यामुळे वाचणाऱ्यांची रंगदृष्टी एकदा तपासून घ्या. पाणी गढूळ असेल तर आधी गाळा, आणि रसायन न घातलेला तोच नमुना शेजारी ठेवून बघा. रंग पट्टीच्या शेवटच्या खान्याला टेकला तर "१० पेक्षा जास्त" लिहून सोडू नका: १ भाग नमुना, ९ भाग डिस्टिल्ड पाणी, पुन्हा चाचणी, उत्तराला १० ने गुणा. किट मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मुदतीआधीच मरते.

आणि काहीच रंग आला नाही तर शून्य लिहायचे नाही. किटची किमान मर्यादा लिहा: "०.२ पेक्षा कमी".

ई. कोलाय: तयार कोरड्या प्लेट मिळतात, १ मिलि नमुना, ३५ अंशांना २४ ते ४८ तास. पुण्याच्या डिसेंबरात घरात ठेवून चालणार नाही, इनक्युबेटर लागतो. शहरातल्या टप्प्याला १००० पट विरळ करून सुरुवात करा, नाहीतर प्लेट निळी होऊन जाईल आणि मोजता येणार नाही. १५ ते १५० वसाहती असलेलीच प्लेट मोजा. उदाहरण: १०० पट विरळ, ४२ वसाहती; ४२ × १०० = ४२०० प्रति मिलि, म्हणजे १०० मिलित ४,२०,००० (आंघोळीच्या पाण्याचा निकष मलजन्य कोलिफॉर्मसाठी १०० मिलित ५००, कमाल २५००). मीटर किंवा किटमध्ये दुप्पट फरक गंभीर असतो, इथे दुप्पट फरक काहीच नाही. १० पटींत विचार करा. वापरलेल्या प्लेट ब्लीचमध्ये अर्धा तास बुडवून मगच टाका. नमुना बर्फात आणि सहा तासांच्या आत प्लेटवर.

---

काठावरून

एकच भर. शक्य असेल तिथे प्रवाहही मोजा, त्याशिवाय दोन नाल्यांची तुलना होत नाही. १० मीटर सरळ टप्पा आखा, संत्रे सोडा (अर्धे बुडते, वाऱ्याने उडत नाही), वेळ घ्या, तीनदा. वेगाला ०.८५ ने गुणा, कारण पृष्ठभाग सरासरीपेक्षा जलद असतो. रुंदी गुणिले सरासरी खोली गुणिले हा वेग म्हणजे प्रवाह. सेकंदाला २०० लिटर आणि अमोनिया १० मिग्रॅ/लिटर असेल तर २०० × १० × ०.०८६४ (सेकंदाचे मिलिग्रॅम दिवसाच्या किलोत आणणारा गुणक), म्हणजे दिवसाला सुमारे १७३ किलो. दुसऱ्या नाल्यात अमोनिया ४० पण प्रवाह सेकंदाला ५ लिटर, तर १७ किलो. वास दुसऱ्याला जास्त येईल, सोसायटीचे लोक त्याच्याबद्दलच बोलतील, पण नदीला पहिला नाला दहापट महाग पडतो. महापालिकेकडे जाताना पहिल्याचे कागद वर ठेवा.